काडेपेटीतला कान

ती तक्रार आठवली की मला आजही हसू येतं. नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. कळस गावचे एक मेंढपाळ, तात्या, ठाण्यात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर काडेपेटी ठेवली. आत मेंढ्याच्या कानाचा वाळलेला तुकडा!

"सायेब, ही आमच्या घरची खूण हाय. चोरानं ती कापून टाकली आन् मेंढा नेला."

मेंढपाळ आपल्या जनावराच्या कानाला ठरावीक काप देतात, तीच मालकीची खूण. तात्यांची मुलं शेतीला लागली होती, कळप विकला होता. उरल्या होत्या आठ मेंढ्या आणि वडिलांनी राखलेल्या वाणाचा हा एकच नर. तो गेला तर वाणच बुडणार होतं. मी गुन्हा नोंदवला.

चार दिवसांनी खबऱ्यानं बातमी आणली, बावड्यात एका व्यापाऱ्याच्या गोठ्यात अर्ध्या कानाचा मेंढा आहे. आम्ही मेंढा आणि व्यापारी दोघांनाही ठाण्यात आणलं. व्यापारी तरणा, बारावी सायन्स झालेला आणि भलताच शहाणा. "बाजारातनं घेतलाय. कान कुत्र्यानं तोडलाय," यापुढे गडी हलेना.

तेव्हा वर्तमानपत्रांत डीएनएचं नाव येऊ लागलं होतं. मी पडलो कॉमर्सवाला. सरळ बारामतीला जाऊन कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. वर्दी पाहून त्या आधी घाबरल्या, मग तासभर मला सोडेनात.

"डीएनए दुपदरी असतो. तुमच्या ठाण्यातलं मूळ रजिस्टरच समजा, ते कपाटाबाहेर जात नाही. आरएनए बहुधा एकपदरी. तो हव्या त्या पानाची नक्कल घेऊन प्रथिनं बनवायच्या कामावर जातो. काम झालं की नक्कल फाडायची. म्हणून आरएनए लवकर नासतो. डीएनए वाळक्या कातड्यातही बराच काळ टिकतो."

दुसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्यापुढे काडेपेटी उघडली. "हा तुकडा आणि मेंढ्याचं रक्त तपासणीला पाठवायचं म्हणतोय."

तो हसला. "आमी बी सायन्स शिकलोय, सायेब. त्यातलं समदं कवाच नासलं आसंल."

"नासतो तो आरएनए. डीएनए टिकतो. बारावीला हा धडा ऑप्शनला टाकला होतास काय?"

त्याचा चेहरा उतरला. पाणी मागितलं, प्यायला आणि बोलू लागला. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मी पंच बोलावले. त्यांच्यासमोर त्यानं लासुर्ण्याजवळच्या उसातून मेंढ्याच्या गळ्यातला, तात्यांनी हातानं विणलेला पट्टा काढून दिला. रीतसर पंचनामा झाला. एका मेंढ्यासाठी तपासणी वरिष्ठांनी मंजूर केली असती का, देव जाणे!

या तपासानं माझी घमेंड उतरवली. तोवर मला वाटायचं, वर्दीवाल्यानं प्रश्न फक्त आरोपीला विचारायचे. बाईंकडे गेलो नसतो, तर त्या पोरासमोर मीच गप्प बसलो असतो.

कोर्टाच्या हुकमानं मेंढा तात्यांच्या ताब्यात दिला. त्यांनी दोरी धरली, पण पाय निघेना.

"सायेब, ते डीएनए माणसात बी आसतंय?"

"असतं की. अर्धं आईचं, अर्धं बापाचं."

तात्या स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. मग खुशीत म्हणाले, "म्हंजी माजा बा अजून हितं हाय म्हणायचा!"

माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तात्या गेल्यावर मीही टेबलावरचा माझा हात उलटसुलट करून पाहिला.