म्हात्रे सरांचं ‘नाय बोलले’ फोल्डर

म्हात्रे सरांचा आमच्यापैकी एकावरही विश्वास नव्हता.

आणि खरं सांगू? आमचाही त्यांच्यावर नव्हता.

आज त्यांना जाऊन महिना झाला. आणि आजच सॉफ्टवेअरचं रिलीज.
ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात त्यांच्याशिवाय पहिलंच.

सर शिरवणे गावचे. जत्रेआधी सगळं सामान ओटीवर काढून घर झाडतात ना, तसं प्रत्येक रिलीजआधी ते कोडचं फोल्डर झाडायचे. क्लायंटकडे आपला कचरा जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘टेस्ट जेवणानंतर’... काय काय निघायचं.

मग ते एकेकाच्या डेस्कपाशी येऊन उभे राहायचे.

“हा कोनाचा हाय?”

‘माझा’ म्हटलं की उलटतपासणी सुरू. कशाला लागतो, कोण वापरतं. म्हणून आम्ही सगळेच कानावर हात ठेवायचो. मालक नाही, तर फाईल बाहेर.

पण एक गोष्ट मला कायम खटकायची.

रिलीजनंतर कोणी रडत गेलं की टाकलेली फाईल सरांकडे बरोबर सापडायची. कुठून, ते सांगायचे नाहीत. मला वाटायचं, हा माणूस आपला कचरा साठवतोय आणि अप्रेझलच्या वेळी बाहेर काढणार.

आज सकाळी रिपोर्टची एक फाईल गायब. ती नाही, तर रिलीज नाही.

आमचा लीड रोहन तणतणत होता. म्हणे, म्हात्र्यांनीच उडवली असणार.
गेलेल्या माणसावर ढकललं की काम झालं. मला तर रोहनचाच संशय येत होता.

शोधता शोधता सर्व्हरवर सरांचं एक फोल्डर मिळालं.
नाव, ‘नाय बोलले’.

आत आम्हा सगळ्यांची नावं. प्रत्येकाच्या नावाखाली, ज्याने त्याने ‘माझी नाही’ म्हणून झटकलेल्या फायली.

रोहनच्या नावाखाली रिपोर्टची ती फाईल होती.



मला एकदम चहाच्या टपरीवरचं आठवलं. मी चिडून विचारलं होतं, सर, तुम्ही कोणावरच विश्वास ठेवत नाही का?

“हो बोलनाऱ्यावर ठेवतो. नाय बोलनारा घाबरलेला असतो गो. त्याचा सामान लगेच नाय टाकायचा.”

तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं होतं. आज त्यावर रडू आलं.

फाईल जागेवर लागली. शेवटची झाडलोट माझ्याकडे होती. उरलं फक्त ते फोल्डर.

नियम तो नियम. मी उभी राहून विचारलं, “हे कोणाचं आहे?”

सगळे स्क्रीनकडे बघत बसले.

मग रोहन म्हणाला, “माझं.”

कशाला लागतं, ते मी विचारलं नाही. त्याने ते स्वतःच्या मशीनवर घेतलं.

सर, कोडचं फोल्डर साफ करून पाठवलं आहे.
तुमचा विश्वास बसणार नाही, तरी सांगते.

खूप आठवण येते. येते मी, सर.