सीटखालचा दांडा

लग्न होऊन मी सांगलीहून म्हैसूरला आले, तेव्हा माझे यजमान हूटगळ्ळीच्या बाजूला एका मोठ्या कंपनीच्या आवारात बागकामावर होते. इमारतींच्या मधून उतारावर हिरवळ पसरलेली होती. ती कापायला बसून चालवायचं यंत्र होतं, लहान ट्रॅक्टरसारखं, पोटाखाली फिरती पाती असलेलं. ते चालवायचं काम यांच्याकडे. सासरची माणसं कैक पिढ्या म्हैसूरची. यांचे पूर्वज महाराजांच्या फौजेत शिपाई म्हणून आलेले, त्यामुळे घरातली मराठी निम्मी कन्नड.

एकदा कंपनीत घरच्या माणसांना बोलावलं होतं. यांनी मला त्या यंत्रावर बसवलं, इंजिन चालू केलं आणि म्हणाले, "आता ऊठ."

मी उठले तशी सीट स्प्रिंगने वर आली आणि खाली खट्ट आवाज झाला. सीटपासून एक लोखंडी दांडा थेट ब्रेकपर्यंत गेला होता. माणूस उठला की दांडा ओढला जायचा, ब्रेक लागायचा आणि पातीही थांबायची.

"उतारावर कुठेही उतर, गाडी जागची हलत नाही," ते म्हणाले. स्वतःच बनवल्यासारखे खूश होते.

पण त्या हिरवळीखाली घुशींनी बिळं केली होती. चाक खड्ड्यात गेलं की हे सीटवरून उडायचे, तेवढ्यात सीट उचलली जायची आणि ब्रेक लागायचा. चाकं घसटून गवत उपटलं जायचं. बाहेरून पाहुणे येणार होते आणि हिरवळीवर मातीचे चट्टे पडलेले. देखभालीच्या साहेबांनी वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला तोंडीच सांगितलं, "काहीतरी कर, पण हे थांबव."

तो मेकॅनिक यांचा जवळचा मित्र. रोज नंजनगूडहून रेल्वेने यायचा. घरी एकटाच होता, म्हणून रविवारी आमच्याकडे जेवायचा. मला अत्तिगे, म्हणजे वहिनी म्हणायचा. बोलायचा कन्नडच, पण माझी भाकरी मागताना 'भाकरी' हा शब्द अगदी आमच्यासारखा म्हणायचा. त्यानेच आमच्याकडे पानावर बसून सांगितलं की त्याने सीट तारेने खाली बांधून टाकली आहे.

"मग ब्रेक कसा लागणार?" मी विचारलं.

"हाताने लावायचा, अत्तिगे. पाहुणे गेले की सोडतो तार."

"सुम्मने कशाला काळजी करतेस?" हे म्हणाले. सुम्मने म्हणजे उगाच.

पाहुणे येऊन गेले. तार राहिली. गवत छान दिसत होतं.

मी हिनकलला शिवणाच्या वर्गात होते तेव्हा फोन आला. मेकॅनिक ओरडत होता, "अत्तिगे, लवकर या, लवकर." काय झालं ते त्याला सांगताच येईना.

झालं होतं ते एवढंच. वाटेत पाण्याची नळी आडवी पडली होती. ती बाजूला करायला हे उतरले. यंत्र वरच्या अंगाला उभं होतं, इंजिन चालू, पाती फिरत होती, ब्रेक लागला नव्हता. ते पाठीमागून उतरत आलं. यांचा तोल गेला आणि डावा पाय खाली सापडला.

पाऊल वाचलं नाही. डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. शुद्धीवर आल्यावर यांनी पांघरूण उचलायला सांगितलं. मी उचललं नाही. मग त्यांनी स्वतःच उचललं.

मेकॅनिक वॉर्डाच्या दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. शेवटी एका दुपारी मी त्याला जिन्यात गाठलं. भिंतीला टेकून तो रडत होता. रडतच त्याने सांगितलं, अपघाताच्याच संध्याकाळी साहेबांनी त्याला तार काढायला लावली होती. दांडा पुसून, तेल घालून पुन्हा चालता केला होता. चौकशीची माणसं आली तेव्हा यंत्र अगदी ठीक चालत होतं.

मी आत जाऊन यांना म्हटलं, "उद्या ते तुम्हालाही विचारायला येतील. तारेचं सांगा."

"साहेबांनी कुठे काय लिहून दिलंय?" ते म्हणाले. "तार कुणाच्या हाताची? त्याच्या. मी बोललो तर तोच अडकेल."

"आणि तुमचा पाय?"

"तो काय बोलल्यावर उगवणार आहे?"

मी खूप भांडले. हॉस्पिटलात आवाज चढवू नये हेही मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकशीची माणसं खुर्च्या ओढून बसली. यांनी शांतपणे सांगितलं, "मी उतरताना ब्रेक लावायला विसरलो. यंत्रात दोष नव्हता." त्यांचे चेहरे लगेच सैल पडले. एकाने यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताची किळस आली.

चालकाचा निष्काळजीपणा, असं ठरलं. मेकॅनिक वाचला. त्याने काही दिवसांत ती नोकरी सोडली आणि नंजनगूडलाच एका कारखान्यात लागला. मला वाटलं होतं, तो येईल, यांच्याजवळ बसेल. रविवारी मी सवयीने जास्तीचं पीठ मळायचे. तो आला नाही. फोन केला तर उचलला नाही. पुढे एकदा बसस्टँडवर समोरासमोर आला, यांच्या काठीकडे त्याची नजर गेली, आणि तो गर्दीत वळला. हे हाक मारणार होते. मारली नाही.

आता हे एका अपार्टमेंटच्या गेटवर बसतात. तिथले माळी हातयंत्राने गवत कापायला लागले की हे तिकडे पाठ करून बसतात. कृत्रिम पाय उन्हाळ्यात घासतो, जखम होते, मग मी रात्री तेल लावते.

परवा जखम पुसताना मी विचारलं, "खरं सांगा. ब्रेक लावला नव्हता, की लावला होता आणि तो धरला नाही?"

त्यांनी पाय थोडा माझ्याकडे सरकवला.

"आठवत नाही," म्हणाले. "मी लोकांना इतक्यांदा सांगितलं, की आता विसरलो होतो असंच दिसतं मला."

मी पट्टी बांधली आणि दिवा घालवला.