डाव्या बाजूचा आकडा

टाकी वाहिली की दोष मोटर लावणाऱ्याचा, हा आमच्या घरचा जुना कायदा. गेल्या उन्हाळ्यात तो बदलला आणि दोष माझ्या माथी आला, कारण टाकीत किती पाणी आहे हे सांगणारा डबा मी नुकताच बनवला होता.

पोटापाण्यासाठी मी हेच करते. आमच्या छोट्याशा कंपनीत वजनकाट्यांना लागणारे डिस्प्ले बनतात. उमरेडकडे कोळशाचे ट्रक ज्या काट्यांवर चढतात, त्यांतल्या काहींवर मी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे आकडे दिसतात. धूळ, ऊन, ट्रकवाल्यांच्या शिव्या, सगळं खाऊन ते डबे मुकाट चालतात. आणि घरचा डबा, जो सावलीत भिंतीवर नुसता लटकून असतो, त्याने मला तोंडघशी पाडावं, याचा मला फार राग होता.

डबा तसा साधाच. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, मोटरच्या बटणाशेजारी, पोस्टकार्डाएवढा आडवा स्क्रीन. त्याच्या डाव्या अर्ध्या भागात टाकीतलं पाणी, शंभरात किती ते मोठ्या आकड्यात. उजव्या अर्ध्या भागात घड्याळ आणि त्याखाली मोटर चालू की बंद. एवढंच. पहिलीतल्या पोरालाही कळेल असं.

मोटर हे बाबांचं खातं. नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी ऑफिसात ते कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ऑफिसातली सगळी शिस्त घरातल्या मोटरीवर आणून ओतली. नागपुरात मे महिन्यात कूलर माणसांपेक्षा जास्त पाणी पितात, त्यामुळे हे खातं काही रिकामटेकडं नाही. इतकी वर्षं त्यांनी थेंब सांडू दिला नव्हता. आणि आता टाकी एक दिवसाआड वाहत होती. एकदा ते पाणी शेजारच्या काकूंनी गच्चीखाली वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. काकू आमच्या दारात येऊन काय काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही.

बाबांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "मी काय करू? हिच्या डब्यात पाण्याचा आकडा येऊनच नाही राहिला."

"बाबा, हे काय? ढळढळीत दिसून राहिला आकडा!" मी स्क्रीनवर बोट आपटत म्हटलं.

त्यांनी माझ्या बोटाकडे मान वळवली. "हो, आता आला. मघाशी नव्हता."

कधी येतो, कधी जातो. आमच्या धंद्यात याहून वाईट दुखणं नाही. सरळ बंद पडलेलं यंत्र परवडलं. हे आजारीही नाही आणि धडही नाही. मी वायर बदलली. तारांचे सांधे पुन्हा डाक देऊन जोडले. स्क्रीनसुद्धा नवा बसवला. मी पाहिलं की आकडा हजर, आईने पाहिलं की हजर, बाबांनी पाहिलं की गायब. शेवटी माझी खात्री पटली की बाबा मोटर लावून पेपर वाचत बसतात आणि खापर माझ्यावर फोडतात. तसं मी बोलूनही दाखवलं. ते चिडले नाहीत, नुसते गोंधळल्यासारखे बघत राहिले.

एका रविवारी त्यांनी हुकूम सोडला. "तो स्क्रीन फोनसारखा उभा करून दे मले. आडव्यात जमून नाही राहिलं."

"उभा केल्यानं काय होणार आहे?"

"तू करून तं पाह्य वं. इंजिनीअर होय न?"

मी डबा भिंतीवरून काढला, टेबलावर उभा टेकवला आणि लॅपटॉप जोडला. बाबा समोर खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसले. स्क्रीनची दिशा बदलणं म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकच आकडा बदलायचा असतो. शून्य म्हणजे चित्र आडवं, एक म्हणजे उभं, दोन म्हणजे खालचं वर आणि वरचं खाली, तीन म्हणजे दुसऱ्या अंगाने उभं. मी एक लिहायचा तर घाईत दोन लिहिला. त्यात डबा टेबलावर उभा टिकेना म्हणून मी तो पुन्हा आडवाच ठेवला होता. स्क्रीन लागला तो डोक्यावर उभा राहूनच. पाण्याचा आकडा डावीकडचा उजवीकडे गेला, घड्याळ उजवीकडचं डावीकडे आलं, दोन्ही उलटे. टाकीत अडुसष्ट होतं, इंग्रजी आकड्यांतलं 68, ते उलटून 89, म्हणजे एकोणनव्वद दिसत होतं.

मी जीभ चावली आणि चूक दुरुस्त करायला हात पुढे केला. तेवढ्यात बाबा खूश होऊन म्हणाले, "हा पाह्य, आला न आकडा! एकोणनव्वद. उलटासुलटा दिसते, पण आला."

"बाबा, थांबा, माझी चूक झाली..."

"पण घड्याळ काहून काढलं वं?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. घड्याळ तिथेच होतं. उलटं, पण चांगलं ठसठशीत, डाव्या बाजूला.

मला वाटलं थट्टा करतात. तोंडाकडे पाहिलं तर थट्टा नव्हती. तो माणूस खरोखर घड्याळ शोधत होता, आणि त्याच्या पुढ्यात घड्याळ होतं. मी तो दोन खोडून पुन्हा शून्य लिहिला. चित्र सुलट झालं. घड्याळ उजवीकडे गेलं, आकडा डावीकडे.

"हं, घड्याळ आलं," बाबा म्हणाले. "पण आकडा गेला पुन्हा."

पुन्हा दोन. पुन्हा शून्य. मी किती वेळा केलं मला आठवत नाही. जे डावीकडे जाई ते बाबांसाठी जगातून जाई. स्क्रीन नवा होता, वायर नवी होती, प्रोग्रॅम धड होता. यंत्रात काही बिघडलं नव्हतं. एवढं मला कळलं आणि मी लॅपटॉप बाजूला सारला.

मी टेबलावरचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, उचलला. "बाबा, माझ्या नाकाकडे पाहा. डोळे हलवू नका." पेचकस मी त्यांच्या उजव्या कानाकडून पुढे आणला. "पेचकस," ते लगेच म्हणाले. मग मी तो डाव्या कानाकडून आणायला लागले. ते माझ्या नाकाकडे पाहत बसून राहिले. पेचकस गालापाशी आला, डोळ्यापाशी आला. "दाखव न," ते म्हणाले, "काय दाखवणार होती?" तो थेट नाकासमोर आला तेव्हा ते दचकून मागे झाले. "हा कुठून आला?"

"तुम्हाले त्या बाजूला काळं दिसते का? धुरकट?"

"काहीच नाही. मले सारं बरोबर दिसून राहिलं. तुले काय झालं? चेहरा असा काहून केला?"

हेच मला सहन होईना. काळं दिसलं असतं तर माणूस म्हणाला तरी असता. इथे अर्धं जग पुसलं गेलं होतं आणि पुसल्याची खूणही नव्हती.

मी आईला हाक मारायला वळले तर ती दारातच उभी होती. हातात बाबांचं जेवणाचं ताट. तिने सगळं पाहिलं होतं. माझी नजर ताटावर गेली आणि तिथेच अडकली. चटणी उजवीकडे, लोणचं उजवीकडे, लिंबाची फोडसुद्धा उजवीकडे, भाजीला खेटून. डावी बाजू कोरी.

लहानपणी मी चटणी उजवीकडे वाढली म्हणून ज्या बाईने मला पूर्ण ताट पुन्हा वाढायला लावलं होतं, ती ही बाई. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-वरण उजवीकडे, यात तिच्याकडे देवालाही सूट नव्हती.

"आई, हे ताट असं कधीपासून?"

तिने बाबांपुढे ताट ठेवलं आणि मला डोळ्यांनी आत बोलावलं. ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न पाहता ती बोलायला लागली.

"थंडीत हे चटणीले हातच लावत नव्हते. मले वाटलं रुसले. विचारलं तं म्हणे, तू वाढलीच नाही. समोर चटणी, अन् म्हणे वाढली नाही! मंग म्या ताट फिरवून ठेवलं त्यायच्यापुढं. तं म्हणे, हं, आता वाढली. तेव्हापासून सारं इकडंच वाढून राहिली."

"थंडीपासून? अन् मले सांगितलं नाही? काहून?"

"काय सांगू? वय झालं म्हणून? तुले सांगितलं असतं तं तू पहिले ह्यायची स्कूटर बंद केली असती."

स्कूटर! तोवर माझ्या डोक्यात ती आलीच नव्हती. निवृत्तीनंतर बाबांचा सगळा जीव त्या स्कूटरवर. रोज सकाळी सदरला जायचं, जुन्या ऑफिसातल्या मित्रांबरोबर चहा प्यायचा, येताना भाजी आणायची. त्या दिवशीही ते जाऊन आले होते. अर्धा रस्ता न दिसणारा माणूस सदरच्या गर्दीतून स्कूटर चालवून आला होता, आणि आई मागे बसून गेली होती.

"अगं, तू बसलीस कशी त्यांच्या मागे? जिवावर उदार झाली होतीस का?" मी ओरडलेच.

"म्हणूनच तं बसत होती," आई म्हणाली. "मी एका अंगाने बसते, तोंड डावीकडंच असते माझं. तिकडून कोणी आलं, की मी ह्यायचा डावा खांदा थापटते. हे थांबतात. एकटं म्या जाऊच नाही दिलं कधी."

मी खाली फरशीवरच बसले. त्या हिवाळ्यापासून आई बाबांबरोबर रोज चहाला जायला लागली, तेव्हा मी दोघांना चिडवलं होतं की म्हातारपणी बरा रंग चढला. आणि ती रोज साडी सावरून मरणाच्या शेजारी बसून जात होती, हात खांद्यावर ठेवून. तिच्यावर ओरडावं की तिचे पाय धरावेत हे मला आजही कळलेलं नाही. बाहेर बाबा चवीने चटणी खात होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्या, समजावून सांगणाऱ्या. बाबांचे डोळे ठणठणीत आहेत, त्या म्हणाल्या. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, एक लहानसा झटका येऊन गेलाय. डोळे पाहतात, पण डावीकडचं मेंदूत उमटत नाही. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही.

"एखाद्या दिवशी अचानक काही झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मान हलवली, मले काहीच नाही. आई मात्र हळूच म्हणाली, "एक दिवस सकाळी डोकं जड झालं म्हणत होते. उठले अन् डाव्या खांद्यानं चौकटीवर आदळले. म्या बाम लावून देला. चहा देला."

"तेव्हा लगेच, त्याच सकाळी आणलं असतं तर..." डॉक्टरबाईंनी वाक्य सुरू केलं आणि आईचा चेहरा पाहून अर्ध्यावर सोडलं. पण उरलेलं वाक्य त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. मग त्यांनी भराभरा पुढचं सांगितलं. गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या कायमच्या. स्कूटर आजपासून बंद. आणि मान डावीकडे वळवून पाहायची सवय लावायची, उठता बसता, मुद्दाम.

बाहेर आवारात कडुलिंबाखाली बाकडं होतं. ऑटो येईपर्यंत आम्ही तिथे बसलो. मी बाबांच्या उजवीकडे, आई डावीकडे. माझी तयारी भांडणाची होती. स्कूटर सोडा म्हटलं की हा माणूस आकांडतांडव करणार. त्यांनी शर्टाच्या खिशातून चावी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मग समोरच्या भिंतीकडे पाहत एकदम हसले. "आता समजलं मले, तुझी माय खांदा काहून थापटत होती ते."

"तुम्हाले काय वाटलं होतं?"

"मले वाटलं लाडानं," बाबा म्हणाले. "एवढ्या वर्षांत कधी रस्त्यावर अंगाले हात लावला नाही हिनं. मी म्हणलं, चला, म्हातारपणी का होईना. थापटलं की मीही गाडी थांबवत होतो. मी मुद्दाम गर्दीतून नेत होतो, थापटावं म्हणून."

आई पदर तोंडात कोंबून रडत होती. आवाज अजिबात नव्हता. खांदे तेवढे हलत होते, आणि बाबा तिच्यापासून हातभर अंतरावर बसून, खुशीत, समोरच्या भिंतीशी बोलत होते. "हो न वं?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. ती उठून गेली असं त्यांना वाटलं असावं, कारण ते माझ्याकडे वळले. "कुठं गेली तुझी माय?"

"बाबा," मी म्हटलं, "मान डावीकडे वळवा."

त्यांनी हळूहळू मान वळवली. आणखी वळवा, मी म्हटलं. त्यांनी आणखी वळवली, अगदी खांद्यापर्यंत, आणि तेव्हा कुठे ती त्यांना दिसली.