ताईच्या पाठीचे टायर

आमच्या दाजींना कुणी एका जागी स्वस्थ बसलेलं दाखवावं आणि माझ्याकडून मागेल ते घ्यावं, असं मी एके काळी संगमनेरात छातीठोकपणे सांगत असे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं खता-बियाणांचं दुकान होतं. त्या दुकानात मालकासाठी एक फिरती खुर्ची होती आणि तिच्यावरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं नव्यासारखं होतं, कारण तिच्यावर बसायला मालक कधी सापडलेच नाहीत. गिऱ्हाईक आलं की नोकर म्हणायचा, "आत्ता हुते बघा." शेतकरी शेवटी शहाणे झाले. ते दुकानात न जाता चौकातच उभे राहत. दाजी तिथून एकदा तरी जाणारच. चहा ते उभ्यानं पीत, तोही अर्धा घरी आणि अर्धा शेजारी. एका गालाला साबण आणि दुसरा गाल मोकळा अशा थाटात ते पलीकडच्या आळीत पेपर बघायला गेलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. एसटी रिकामी असली तरी हे दाराशी दांडा धरून उभे. कंडक्टर बिचारा दर थांब्याला विचारी, "उतरायचंय का?" आणि दाजी म्हणत, "न्हाई, बघतोय." काय बघतोय, ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये ताई पाटावर बसली आहे, शेजारचा पाट रिकामा आहे आणि फोटोच्या कडेला मुंडावळ्या बांधलेला एक माणूस पाठमोरा चालला आहे. सनईवाला दम खातोय असं वाटलं म्हणून नवरदेव त्याला बघायला निघाले होते.

अशा माणसाचे निर्णयही चालता चालता व्हायचे. ताईला बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आत "पसंत हाय" म्हणून हे आमचा गोठा बघायला गेले. ताई अजून म्हणते, "मला नवऱ्याची आधी पाठच दिसली." जुनी पांढरी चारचाकी त्यांनी श्रीरामपूरला घेतली तीसुद्धा अशीच. एकदा हॉर्न वाजवून बघितला, डिकी उघडली, डिकी मिटली आणि व्यवहार झाला. घरी आल्यावर कळलं की गाडीचे चारी टायर पार गोटा झालेत. नव्या टायरला हात फिरवला की खाचा लागतात. यांच्या टायरला हात फिरवला की मुलाच्या गालावरून फिरवल्यासारखं वाटे. दाजी म्हणाले, "चालतंय की! खाचात खडं तरी अडकायचं न्हाईत." त्यावर दोन-तीन वर्षं निभावून नेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. नाशिकहून तिला आडवी घालून आणली, कमरेला पट्टा बांधला, आणि पुढचे कितीतरी महिने माझी एवढी चपळ बहीण भिंत धरून चालत राहिली. आमचं माहेरघर अकोले गावाच्याही वर, घाट चढून भंडारदऱ्याच्या वाटेवर. आई तिथे एकटीच राहायची, थकली होती, आणि तिला गाडी लागायची. अशी तशी नव्हे. एसटीचा हॉर्न ऐकला तरी ती तोंडाला पदर लावायची. म्हणजे आईला खाली येता येईना आणि लेकीला वर जाता येईना. ऑपरेशननंतर दोघींची गाठ नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बसून प्रवास करायला हरकत नाही, पण धक्का बसता कामा नये." ताईनं घरी येऊन पहिलं वाक्य उच्चारलं, "मला आईला बघून यायचंय." दाजी तेव्हा दारातच चप्पल घालत होते. ते बाहेर गेले, गाडीपाशी उभे राहिले, टायरवर एक लाथ मारली आणि तिथून आमच्या घराच्या मागे साडेसाती लागली.

कारण जन्मात प्रथमच दाजींना एक गोष्ट ठरवता येईना. त्यांना टायर हवा होता मऊ, म्हणजे ताईला धक्का लागायला नको. हवा होता घट्ट धरणारा, म्हणजे घाटात ओल असली तरी गाडी सरकायला नको. आणि ऑपरेशननं घर धुऊन निघालेलं, त्यामुळे तो परवडायलाही हवा होता. नायलॉनचे टायर दणकट, खिशाला बरे, पण दगडासारखे कडक. रेडियल तेव्हा नवीनच निघाले होते. मऊ चालतात म्हणत, पण किंमत ऐकून दाजी दुकानातून मागच्या मागे बाहेर येत. जुन्यावर नवं रबर चढवलेले रिमोल्ड स्वस्त, पण घाटात सोलून निघाले तर? नाशिक रस्त्यावरच्या सगळ्या टायरवाल्यांना दाजींनी भंडावून सोडलं. आंबा पिकलाय का बघावं तसा अंगठ्यानं टायर दाबत, वास घेत, एकदा तर रस्त्याकडेला टायर आडवा टाकून त्यावर मलाच बसवलं. स्वतः बसले नाहीत. "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "दाजी, टायरवर बसल्यासारखं वाटतंय." मागण्या ऐकून एक दुकानदार हात जोडून म्हणाला, "मालक, असा टायर निघाला तर मी विकणार न्हाई, माझ्याच गाडीला लावीन." पुढे पुढे दाजी दिसले की तो शटर अर्धं खाली ओढायचा. दाजी वाकून आत जायचे.

दुकानात समाधान होईना म्हणून मग रस्त्यावर परीक्षा सुरू झाल्या. टायर कुणाचेही असोत, डॉक्टरांचे, वकिलांचे, कारखान्यातल्या ओळखीच्या इंजिनिअरचे, दाजी ते उसने मागून आणत आणि आपल्या गाडीला चढवून बघत. मागच्या सीटवर ताईच्या जागी मी. आणि नुसता मी नाही, तर ताईचा कमरेचा पट्टा माझ्या पोटावर करकचून बांधलेला. मी शाळामास्तर, माझ्या वर्गातली पोरं रस्त्यानं जाताना आत डोकावत. प्रत्येक खड्ड्याला दाजी पुढून ओरडत, "कळ आली का?"

"मला कशी कळ येईल? माझं कुठे ऑपरेशन झालंय!"

"आरं, ताई हायेस असं समज की!"

मी ताई आहे असं समजलो आणि पुढच्या खड्ड्याला "आई गं" म्हणालो, तर या गृहस्थांनी गाडी जागच्या जागी थांबवली, मागे वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उतरलेला की मला चेष्टा पुढे रेटवेना. त्या दिवसापासून मी खरंखुरं सांगू लागलो. खरं म्हणजे टायर बदलले तरी खड्डा हा खड्डाच लागत होता, पण ते ऐकायला दाजी तयार नव्हते.

मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की हवा कमी भरली की टायर गादीसारखा होतो. झालं! दाजींनी चारी चाकांची निम्मी हवा सोडली. गाडी खरोखरच मऊ चालली; इतकी मऊ की पाण्यातल्या म्हशीसारखी डुलायला लागली. अकोले रस्त्यावर एका वळणाला उसाच्या शेतातलं पाणी वाहून आलं होतं. त्या ओलीवर आमचे गोटा टायर सरकले, गाडी गर्रकन फिरली आणि तोंड संगमनेरकडे करून उभी राहिली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या क्लीनरनं आमच्या सात पिढ्या काढल्या. दाजी स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाले, "मागं ती असती तर?" मला वाटलं आता ते एखादा टायर उचलून घेतील आणि विषय संपेल. छे! ते अजूनच घाबरले आणि अजूनच शोधायला लागले.

इकडे वरून आईचे निरोप यायचे. दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर एकदा आला, "जावयाला म्हनावं, चाकं घावंना तर डोलीत घालून आना, पन लेक दावा मला." ताई आधी हसायची, मग हसेनाशी झाली. एका सकाळी दाजी कुठल्याशा टायरचा तुकडा घेऊन आले आणि तिच्या पाठीला लावून मऊपणा बघायला लागले तशी ती भडकली. "अहो, टायर गाडीला लावायचाय का मला? आई वाट बघून बघून डोळे मिटेल तिकडे, आणि तुम्ही रबरं हुंगत बसा! उद्या मी एसटीनं जाते. पाठ मोडली तर मोडली." आणि ती रडली. ऑपरेशनच्या वेळी न रडलेली माझी बहीण टायरवरून ओक्साबोक्शी रडली.

दाजी तसेच अनवाणी बाहेर पडले. टायरवाला शटर ओढायच्या आत ते आत होते. "मागं दोन रेडियल टाक, ती मागं बसतीय. पुढं खोल खाचांचं नायलॉन टाक, घाटात धरलं पायजे. पैशाचं माझं मी बघतो." ताईला पसंत करायला जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यातच एवढा मोठा प्रश्न सुटला. दुकानदाराला इतका आनंद झाला की त्यानं स्वतःच्या खर्चानं उसाचा रस मागवला. दाजींनी तो उभ्यानंच प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशा, पट्टा, पाण्याची बाटली असा जामानिमा करून ताईला मागे बसवली. मी सवयीनं तिच्या शेजारी बसायला गेलो तर दाजींनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "तू चालव." जी गाडी पुसायलासुद्धा त्यांनी कधी दुसऱ्याला दिली नाही, ती माझ्या हातात! मी बघतच राहिलो. "मागं मानूस लागंल," एवढंच म्हणाले आणि ताईजवळ जाऊन बसले.

गाव सुटलं आणि पहिल्याच खड्ड्याला ताईच्या तोंडून "स्स" निघालं. एवढी यातायात करून घेतलेले टायर, आणि शेवटी खड्डा लागलाच. आरशात बघितलं तर दाजींनी उशी काढून बाजूला टाकली होती, आपला हात तिच्या पाठीमागून घातला होता, दोन्ही पाय पुढच्या सीटला टेकवून अंग ताठ केलं होतं आणि तिला म्हणत होते, "रेल माझ्यावर. सगळा भार टाक." ताई रेलली. त्यानंतर खड्डे मला लागत होते, गाडीला लागत होते, दाजींना तर लागतच होते. ताईला मात्र ते काही लागू देत नव्हते.

मी वाट बघत होतो की हे आता म्हणतील, "थांबव जरा." हा रस्ता म्हणजे त्यांच्या ओळखीच्या माणसांची रांग. चहाची टपरी गेली, ते काही बोलले नाहीत. बांधावरून एका शेतकऱ्यानं हात केला, "ओ मालक!" आणि मालकांनी हातसुद्धा वर केला नाही. अकोले गेलं. त्यांच्या नाकावर एक माशी येऊन बसली, इकडून तिकडे फिरली, तरी माणूस हलला नाही. मलाच बसवेना, माझीच चुळबुळ सुरू झाली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बघा रे, दाजी बसलेत! पण ताईला झोप लागली होती. घाट सुरू झाला तसं मागून अगदी दबक्या आवाजात आलं, "हळू. घाट हाय." बाकी सगळ्या प्रवासात त्यांचं तेवढंच बोलणं झालं.

अंगणात गाडी थांबली. आई काठी टेकत आली, ताई दार धरून उतरली, आणि दोघींनी एकमेकींच्या गालांवरून हात फिरवले. आई सारखी म्हणत होती, "चालतीया की गं माझी बाय, चालतीया की!" मी डोळे पुसून घेतले, त्यात लाज कसली. बऱ्याच वेळानं आईला जावयाची आठवण झाली. जावई कधी आपल्या दारात टेकले नाहीत, हे तिचं जुनं दुखणं. ती गाडीपाशी येऊन म्हणाली, "पाव्हणं, आज तरी आत या. टेका जरा."

"टेकलोय की, मामी," दाजी आतूनच म्हणाले. "आता उठताच येईना."

हात बधिर, पाय बधिर, सगळ्या अंगाला मुंग्या. आई पोट धरधरून हसली आणि तिनं चहा गाडीतच आणून दिला. जावयाला आपल्या हातचा अख्खा कप बसून पिताना तिनं पहिल्यांदाच पाहिला. ताई दारातून कौतुकानं म्हणाली, "टायर मात्र छान निघाले हो! रस्ता कळलाच नाही मला." दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं मान खाली घातली. "रेडियल हायेत," ते म्हणाले.

आई पुढच्या पावसाळ्यात गेली. त्याआधी त्या गाडीनं ताईच्या आणखी काही फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी मी पुढे आणि ते मागे. गाडी केव्हाच विकली. दाजी आता पंच्याहत्तरीला आले, तरी दुकानातल्या खुर्चीचं प्लास्टिक तसंच आहे आणि टायरचं दुकान दिसलं की अंगठा शिवशिवतो. ताई अजून भेटेल त्याला सांगते, घ्यायचे तर रेडियलच घ्या. परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तर दिवाणावर दोघं होती. ताईला बसल्या बसल्या दाजींच्या खांद्यावर डोळा लागला होता. फोन वाजत होता, गॅसवर दूध वर आलं होतं, आणि दाजी भिंतीसारखे ताठ. मी धावत जाऊन गॅस बंद केला आणि म्हणालो, "अहो दाजी, दूध उतू..."

त्यांनी मान न हलवता नुसते डोळे वटारले. "हळू," ते म्हणाले. "घाट हाय."