शुक्रवारच्या रेडिओवर माझे सासरे

इथे बहरीनमध्ये, बुदैया गावात राहणाऱ्या त्या आयरिश म्हाताऱ्यावर मी जळत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. तो कंट्री गाणी लिहायचा. तरुणपणी गावाकडे दुधाची गाडी चालवता चालवता त्याने गाणी रचली, ती दुसऱ्यांनी गाऊन गाजवली. मुलीच्या नोकरीमागे तो बहरीनला आला आणि इथल्या इंग्रजी रेडिओवर दर शुक्रवारी सकाळी दोन तास बोलू लागला. गाणी कसली, तर गायी, पाऊस आणि घरी जाणारे रस्ते. मीही गाणी लिहितो. मनाम्यातल्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीचं गाणं माझं, निरोप समारंभांची गाणीही माझीच. पण बायकोने माझं एकही कधी गुणगुणलं नाही. पोळ्या लाटताना तिच्या तोंडी त्याची गाणी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन गाण्यांच्या मध्ये तो गेलेल्यांची नावं वाचायचा. त्याच्या देशात गावोगावच्या रेडिओवर ही रोजचीच पद्धत आहे म्हणे. नाव, गाव, काम काय करायचे, मागे कोण. इथे मल्याळी, फिलिपिनो, कुणीही त्याला फोन करून कळवायचं. "गाणी सुचत नाहीत, म्हणून मयतांची यादी वाचतो," असं मी म्हणायचो.

मग कोकणात माझे सासरे गेले. तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. बायको रडलीच नाही, नुसती कामं करत राहिली. मी तीन दिवस बसून सोळा ओळी लिहिल्या. मंडळाच्या शोकसभेत वाचणार होतो. खरं सांगायचं तर, ती रडावी ती माझ्या गाण्याने, असं मला फार वाटत होतं.

शुक्रवारी तिने रेडिओ लावला. म्हाताऱ्याने सासऱ्यांचं नाव घेतलं, सावकाश, जपून. मग गाव. एसटीत कंडक्टर होते. तीन मुली, त्यातली एक मनाम्यात. थांब्यांची नावं सूर लावून पुकारायचे, पेंगणारे प्रवासी त्या सुराने जागे व्हायचे. एवढं सांगून त्याने पुढचं गाणं लावलं. बायको हमसून हमसून रडायला लागली.

"त्याला कशाला कळवलंस?" मी खवळलो. "मी इथे गाणं लिहून बसलोय!"

"वाचलं मी ते. चंदनासारखे झिजले, दिव्यासारखे जळले. कुणाच्याही बापाला चालेल."

"पण ते सूर लावून पुकारायचे, हे मला कुठे माहीत होतं? बारा वर्षांत एकदा तरी बोललीस?"

"त्यालाही सांगणार नव्हते. नाव-गाव लिहून घेतल्यावर त्यानेच विचारलं, कामावर असताना कसे असायचे तुझे बाबा?" तिने पदराने डोळे पुसले. "तू कधी विचारलंस?"

त्याच्या कुठल्याही गाण्याचा मला इतका हेवा वाटला नव्हता, जितका त्या एका प्रश्नाचा वाटला.