चष्मा घातलेला असुर

दमदम विमानतळावर माझी बॅग हातात घेत अनिलराव म्हणाले, "ताई, यंदा आराम नाही. आमच्या देवीच्या पायाशी चक्क जर्मनीचा हुकूमशहा असणार!" अनिलराव माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. रेल्वेतल्या बदलीनं गार्डन रीचला आलेले आणि वसाहतीच्या दुर्गापूजेत गळ्यापर्यंत बुडालेले. मराठी माणसाला मंडळ मिळालं की मुलूख कुठलाही चालतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुमारटुलीला (मूर्तिकारांची वस्ती) निघालो. सोबत हेल्गाबाई होत्या. या निवृत्त जर्मन शिक्षिका शेजारच्या सेनबाबूंकडे पाहुण्या आलेल्या; हिंदी, बंगाली दोन्ही कामापुरती यायची. अनिलरावांनी त्यांना 'सल्लागार' करून टाकलं होतं. वाटेत हिंगेर कोचुरी (हिंगाची कचोरी) आणि बटाट्याची पातळ भाजी खाल्ली. मी चार संपवल्या, लाजले नाही. पाचवी घेताना अनिलराव म्हणाले, "काही म्हणा, शिस्त होती हो त्या हुकूमशहाकडे." हेल्गाबाईंनी हात धुतले आणि गाडीत जाऊन बसल्या.

कुमारटुलीची गल्ली म्हणजे पेंढा, बांबू आणि गंगेची माती. पहिल्याच वळणावर घसरून मी गुडघाभर चिखलात. मूर्तिकार पालबाबूंनी हात देऊन उभं केलं आणि असुर दाखवला. चौकोनी मिशी, कपाळावर केसांची बट. अनिलराव खूश.

"हा चेहरा काढून टाका," हेल्गाबाई म्हणाल्या.

"अहो, मग ओळखू कसा येणार?"

"येऊच नये. तेच दाखवायचंय."

त्यांनी फोनवर एक जुना फोटो उघडून दाखवला. गोल चष्मा, व्यवस्थित भांग, शांत हसू. "त्याऐवजी हा चेहरा लावा. माझे वडील. शाळेत गणित शिकवायचे, आणि गणितातूनच द्वेष शिकवायचे. युद्ध हरल्यावर त्यांना शाळेतून काढलं. पुस्तकं बदलली, रस्त्यांची नावं बदलली. पुढे शिक्षक कमी पडले, तेव्हा ते परत त्याच वर्गात. फळा पुसलेला होता, डोकं नव्हतं. घरी जेवताना म्हणायचे, सगळंच वाईट नव्हतं, शिस्त होती. मी त्यांच्याशी मरेपर्यंत भांडले. तुम्ही राक्षस कराल, लोक हात जोडतील, विसर्जन कराल, आणि सगळ्यांना वाटेल संपलं."

अनिलरावांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली नाही.

पालबाबू डोकं खाजवत म्हणाले, "चोशमा-पोरा ओशुर? लोके की बोलबे?" (चष्मा घातलेला असुर? लोक काय म्हणतील?)

"विचारतील. मी उत्तर देईन," हेल्गाबाई म्हणाल्या. समितीत त्यावर कडाक्याचं भांडण झालं. मंडपांच्या स्पर्धेतलं बक्षीस हातचं जाईल, असं सगळ्यांचं मत. शेवटी अनिलरावच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे बक्षीस."

सप्तमीला मंडपात ही गर्दी! ढाक (मोठा ढोल) घुमत होता. देवीचा त्रिशूळ एका चष्मेवाल्या मास्तराच्या छातीत, आणि लोक गोंधळून एकमेकांकडे बघत होते. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. हेल्गाबाई मात्र सकाळपासून मूर्तीशेजारी उभ्या, जो विचारेल त्याला पहिल्यापासून सांगत होत्या. घसा बसला, तरी बसायला तयार नव्हत्या. मी पाणी नेऊन दिलं.

धोतर नेसलेले एक आजोबा बराच वेळ असुराकडे पाहत राहिले. मग हिंदीत म्हणाले, "पण हा तर सज्जन दिसतो!"

"दिसायचेच," हेल्गाबाई म्हणाल्या. "माझ्यावर फार प्रेम होतं त्यांचं." आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही. पुढच्या माणसाकडे वळून त्या पुन्हा सांगू लागल्या.

दशमीनंतर मी पुण्याला परतले. बहिणीनं दिलेला संदेश (बंगाली मिठाई) शेजारी वाटला, कपडे धुवायला टाकले. मग बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीवरच्या तसबिरींसमोर उभी राहिले. आजोबा, मोठे काका, बाबा. सगळे सज्जन दिसत होते. खुर्ची ओढून बसले आणि जेवताना कोण काय म्हणायचं, ते एकेक आठवू लागले.