गोडेतेलाचा डबा

आमच्या गावची दूध संस्था दुष्काळात बंद पडली. तिची जुनी डिझेल जीप लिलावात कोणी घेईना, म्हणून मी घेतली. मी त्या संस्थेत दूध मोजायला होतो. जीपच्या दारावरची संस्थेची अक्षरं मी कधी खरवडली नाहीत.

त्या उन्हाळ्यात आमचा तांबडा बैल शिरूर कासारकडच्या चारा छावणीत होता. वडील त्याच्यासोबत तिथंच राहायचे. कंबर धरली म्हणून मी त्यांना घरी आणलं आणि बैल शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवला. एका दुपारी शेजाऱ्याचा फोन आला. बैल सकाळपासून बसलाय, उठत नाही.

वडील म्हणाले, "मी गेल्याबिगर उठायचा न्हाई त्यो. पाठीवर थाप मारली की उठतो. चल."

मोटारसायकलवर त्यांना बसवत नव्हतं आणि जीप गळत होती. डिझेलचा पाइप फिल्टरला जिथं जोडलेला असतो, तिथून थेंब पडत. खाली मी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि साठेल ते परत टाकीत ओतत होतो. पण इंजिन चालू केलं की थेंबाची धार व्हायची. एवढ्या लांब तसं जाणं शक्य नव्हतं.

डबा भिंतीकडं सरकवला आणि नट खोलला. तांब्याचं वायसर दबून कडक झालेलं होतं. नवं आणायचं तर पाटोद्याला जावं लागणार. मग जुनंच चिमट्यात धरून चुलीत लाल केलं आणि पाण्यात बुडवलं. असं केलं की तांबं मऊ पडतं, पुन्हा नीट बसतं. तेवढ्यात टँकर आला. आई सगळी भांडी घेऊन धावली.

वडील बाजेवरून बघत होते. "सोनारा, झालं का? बायकोचं डोरलं करताना एवढं जपला न्हाईस."

"आबा, गडबड केली तर रस्त्यात बसाल."

"बसलो तर बसलो. त्यो तिकडं बसलाय त्याचं काय?"

वायसर बसवलं, नट आवळला, हातपंप मारून पाइपातली हवा काढली. जोडावर कोरडा कागद फिरवला. कोरडाच निघाला. टाकीत डिझेल थोडंच होतं, म्हणून भिंतीकडेचा डबा उचलला आणि फडक्यातून आत ओतला. दोनेक लिटर असायला हवं होतं. डबा त्याहून बराच जड लागला. गळती वाढली असेल, असं मी धरलं.

शिरूरच्या अलीकडं माळावर जीपने आचके दिले आणि बंद पडली. मी फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला. स्वच्छ धार आली.

वडील खाली उतरले होते. "पानी हाय की रं हे," ते म्हणाले, आणि सवयीने त्या धारेखाली ओंजळ धरली. मग वास आला तशी ती हळूच सोडली.

आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. त्या वर्षी आमच्याकडं रिकामं भांडं कुणी रिकामं ठेवत नसे. बुडाशी डिझेल असलं तरी सारवायला होईल, म्हणून आईने त्या डब्यातही पाणी धरलं होतं. डिझेल पाण्यावर तरंगत होतं, मला दिसलं ते तेवढंच.

टाकीचा बुडाचा बोल्ट काढून सगळं पाणी सांडलं. माती भिजली. पाइप पुन्हा खोलले, पुन्हा हवा काढली. यात दोन तास गेले. वडील रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते. एकदाही "झालं का" म्हणाले नाहीत.

छावणीत पोचलो तेव्हा शेजाऱ्याने बैलावर पोतं टाकलं होतं. "आबा, अर्धा तास झाला बगा," तो म्हणाला.

वजाबाकी सोपी होती. मी केली, वडिलांनीही केली असणार. त्यांनी पोतं बाजूला केलं आणि पाठीवर थाप मारली. मग हात तिथंच ठेवून बसले.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. "उठला का?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "न्हाई. आमी निघायच्या आदीच गेलता त्यो."

"आन् मग एवढा उशीर कावून?"

"मातीला थांबलो."

आई चुलीपुढं जाऊन पदराने डोळे पुसत राहिली. जीपचं तिने काही विचारलं नाही.

पुढचा टँकर आला तेव्हा ती भांडी गोळा करू लागली. भिंतीकडेचा तो डबाही तिने उचलला. वडील कंबरेला हात लावत बाजेवरून उठले आणि तिच्या हातातून डबा काढून घेतला.

"हा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "गळतोय ह्यो."

तो डबा कधीच गळत नव्हता.